गुइलिनच्या टेकडीवर धरलेली साखळी

हसनभाई,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मला तुमच्या घरी जायची भीती वाटते आहे. सरळच सांगतो, कारण तुमच्यासमोर धीट असल्याचं सोंग मला नऊ वर्षांत एकदाही जमलं नाही. दोह्यातल्या सालवा रोडवरच्या आपल्या शोरूममध्ये मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात तुम्ही मला वरच्या फळीवरच्या टाइल्स मोजायला शिडीवर चढवलंत आणि मी चौथ्या पायरीवर डोळे मिटून उभा राहिलो. 'वसईची भित्री भागूबाई' हे नाव तेव्हा पडलं ते पडलंच. तुमच्या मय्यताच्या दिवशी मी कब्रस्तानात सगळ्यांच्या मागे उभा होतो. माती द्यायला पुढे बोलावलं तेव्हाही दुसऱ्याच्या खांद्याला धरून गेलो, आणि क्षणभर वाटलं, आता तुम्ही हसाल.

रविवारी ऑफिसचे काही कागद सहीसाठी घेऊन मी अल हिलालला तुमच्या घरी आलो होतो. भाबी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे ठरावीक महिने परपुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मी हॉलमध्ये बसलो आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या पडद्याआडून बोलत होत्या. एवढी वर्षं त्यांच्या हातचं जेवलो, तांदळाची भाकरी संपली तर हक्काने मागून घेतली, आणि आता नुसता आवाज ऐकायचा. तुमची निलोफर चहा घेऊन आली. आईने आतून काहीतरी सांगितलं, तशी तिने ट्रेच्या शेजारी एक कुपी ठेवली. पांढऱ्या चिनी मातीची, अंगठ्याएवढी, दुधी भोपळ्याच्या आकाराची. "अंकल, मम्मी इज आस्किंग, व्हॉट इज धिस? इट वॉज इन पपाज शर्ट पॉकेट," ती म्हणाली.

मी म्हणालो, पोटाच्या गोळ्या असतील, चीनमधलं जेवण सोसायचं नाही त्यांना.

मग भाबी म्हणाल्या, "पोटाचं तर त्यांना कधी काही नव्हतं." आणि त्यानंतर आल्यागेलेल्या प्रत्येकाला त्या जे सांगतात ते मलाही सांगितलं. "पाणी आणायला मीच धाडलं, सायमनभाई. लिफ्ट बंद होती हे मला माहीत होतं. तरी धाडलं."

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे तुम्ही पाण्याची ती मोठी बाटली खाली ठेवून टेकलात आणि परत उठला नाहीत, तिथून मी भिंतीला चिकटून उतरलो.

त्या कुपीत काय आहे ते मला ठाऊक आहे. ती तुम्हाला कुणी दिली, कुठल्या पायरीवर दिली, त्या वेळी तुमच्या ओठांचा रंग काय झाला होता, हे सगळं मला ठाऊक आहे. आणखी एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे, पण तो काही दोह्याला येऊन सांगणार नाही. म्हणजे सांगणारा मी एकटाच उरलो, आणि मी पोटाच्या गोळ्या म्हणून मोकळा झालो.

आपण चीनमधल्या गुइलिनला पहिल्यांदा गेलो ते संगमरवर बघायला. दोह्यात भरणार असलेल्या मोठ्या खेळांच्या आधीचा तो सगळा धुमाकूळ, जिकडे तिकडे हॉटेलं उठत होती, आणि तिथला लालसर दगड आपल्या मालकाच्या मनात भरला होता. तुम्ही दगड पारखणारे, मी कागद सांभाळणारा. विमानतळावरून शहरात शिरलो आणि तुम्ही टॅक्सीच्या काचेला नाक लावलंत ते हॉटेल येईपर्यंत काढलं नाही. आमच्या वसईला तुंगारेश्वरचा डोंगर लांबून दिसतो आणि लांबच राहतो. इथे डोंगर शहराच्या मधोमध, एक बँकेच्या शेजारी, एक शाळेच्या मागे, एक थेट नदीच्या काठावर पाय बुडवून उभा. फार मोठे नव्हतेच ते. दोनशे-तीनशे पायऱ्या, पायथ्याशी तिकिटाची खिडकी आणि माथ्यावर उतरत्या छपराची छत्री. पण चढ असा की खालून बघितलं तरी माझे तळपाय गार पडायचे.

तुमचं लहानपण दापोलीकडच्या डोंगरात गेलं आणि पुढची वीस वर्षं अशा देशात, जिथे चढायचं म्हणजे जिना. एकदा उत्तरेकडच्या मदिनत अश शमालला माल पोचवून परत येताना तुम्ही मला वाटेतल्या जुन्या गढीच्या गच्चीवर नेलंत आणि म्हणालात, कतारचा सगळ्यात उंच डोंगर हाच. थट्टाच होती, पण तिथून उतरायला तुम्ही तयार नव्हता. तुमच्या पायांना चढाची भूक होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गुइलिनमध्ये कारखान्याची गाडी नऊला यायची आणि तुम्ही सहालाच माझं दार वाजवायचात. "यल्ला सायमन, डोंगर उठला." तीन खेपांत आपण तेच तीन डोंगर पुन्हा पुन्हा चढलो. तुम्ही पाठीमागे हात बांधून पुढे चालायचात आणि मी मागून बाहेरच्या बाजूची लोखंडी साखळी दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखा आडवा वर सरकायचो. शेजारून सत्तरीच्या बाया उलट्या पावलांनी पायऱ्या उतरायच्या, माझ्याकडे बघून आपसात काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. कुणी स्वतःच्याच दंडांवर चापट्या मारत उभा, कुणी पक्ष्याचा पिंजरा फांदीला टांगून रेडिओ ऐकत बसलेला. खडकात कोरलेल्या अक्षरांत लाल रंग भरलेला. बारीक पिवळ्या फुलांची झाडं होती, त्यांचा वास अगदी वरपर्यंत यायचा. भीतीने माझा जीव घशाशी आलेला असायचा आणि तरी तो वास मला आवडायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पाच वाजता दार वाजवलं असतंत.

माथ्यावर गेलात की तुम्ही तोंडाशी हात नेऊन कुकारा घालायचात, गावाकडे गुरं वळताना घालतात तसा. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खालच्या वळणावरून कुणीतरी तस्साच कुकारा परत दिला, आणि पाच मिनिटांनी निळ्या टोपीचा, कापडी बुटांचा एक म्हातारा वर आला. त्यानंतर तो रोजचाच. तुम्ही त्याला दोह्याचे खजूर दिलेत, त्याने तुम्हाला उकडलेले शेंगदाणे. तुम्ही त्याच्याशी मराठीत बोलायचात, तो त्याच्या भाषेत, आणि दोघांचं छान चालायचं. दुसऱ्या खेपेला तुम्ही खजुराचा डबा घरूनच त्याच्या नावाचा म्हणून बांधून आणला होता, आणि तुम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता तिसरी खेप. हे लिहायचं म्हणून इतका वेळ टाळतो आहे.

शेवटचा लॉट होता तो. नदीकाठचा तो तिसरा डोंगर, सगळ्यात उभा. माथा तीसेक पायऱ्यांवर राहिला होता. तुम्ही पुढे होतात आणि अचानक थांबलात. मला वाटलं, मला चिडवायला थांबलात. तुम्ही वळलात तर चेहरा राखेसारखा, ओठ काळपट निळे, आणि सकाळच्या वाऱ्यातही गळ्यावरून घामाचे ओघळ. तुम्ही पायरीवर बसलात. एक हात छातीवर आणि दुसरा माझ्याकडे केलात. "सायमन, हात दे."

मी हात दिला नाही.

आपल्यामध्ये चार पायऱ्या होत्या. माझे दोन्ही हात साखळीवर होते. डोकं सांगत होतं, सोड, आणि बोटं ऐकत नव्हती. खाली नदी दिसत होती, पुलावरच्या सायकली मुंग्यांएवढ्या. मी "थांबा, हसनभाई, थांबा" एवढंच म्हणत होतो, जसं काही तुम्ही कुठे निघाला होतात. मग नमो मरियाची प्रार्थना पुटपुटायला लागलो. तुमचा हात तसाच पुढे होता. तो हळूहळू खाली गेला हे मी पाहिलं. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही.

म्हातारा वरून उतरून आला. एकदा बघितलं आणि शर्टाच्या खिशातून ती कुपी काढून तळहातावर खसखशीपेक्षा जरा मोठे दाणे ओतले, तुमचं तोंड उघडून जिभेखाली ठेवले. मनगट दाबून धरलं. मग तो माझ्याकडे आला. त्याने माझी बोटं एकेक करून साखळीवरून सोडवली आणि माझा हात आणून तुमच्या पाठीवर ठेवला. तुमची पाठ भिजलेली होती. अर्ध्या तासाने रंग परत आला तेव्हा त्याने कुपी तुमच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. दुपारी कारखान्यातल्या दुभाष्या मुलीने त्यावरची अक्षरं वाचली आणि म्हणाली, हार्टचं औषध आहे, प्लीज हॉस्पिटलला जा.

परतीच्या विमानात तुम्ही म्हणालात, "घरी बोलायचं नाय. ऑफिसात तर नायच." निलोफरच्या कॉलेजची दोन वर्षं राहिली होती. ऑफिसच्या इन्शुरन्सवर हृदयाचा कागद गेला की 'अनफिट' म्हणतील, व्हिसाचे कागद करणारा मंदूब परतीचं तिकीट हातात ठेवेल आणि खलास, असा तुमचा हिशोब. आपल्यातला प्रत्येकजण हाच हिशोब करतो. पाठ धरली तर गाडीवरून पडलो म्हणतो, डोळ्याला कमी दिसायला लागलं तर चष्मा घरी घालतो. मी म्हणालो, गप्प बसतो, पण रमजान झाला की डॉक्टरकडे जायचं. तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला. तुम्हाला वाटलं, सायमन जिवाला जीव देणारा माणूस आहे.

हसनभाई, मी गप्प राहायला लगेच तयार झालो ते तुमच्यासाठी नाही. ही गोष्ट घरात निघाली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मग सायमन कुठे होता? मला त्या प्रश्नाची भीती होती. तुम्ही त्या हाताचा विषय कधी काढला नाहीत, एकदाही चेष्टा केली नाहीत. शिडीची चेष्टा नऊ वर्षं पुरली, आणि हे तुम्ही गिळून टाकलंत. त्यामुळे मी जास्तच घाबरलो. तुम्ही मला माफ केलं होतंत की तुमच्या लेखी मी संपलो होतो, हे विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

रमजान झाला, ईद झाली, खेळ झाले, पाहुणे गेले. दर वेळी तुम्ही एक नवं कारण काढलंत. गेल्या महिन्यात तुम्ही गोदामाच्या अंगणात दगडाच्या लाद्यांवर पाणी मारत होतात. सगळी लादी सुकते आणि चीर मात्र ओली राहून रेघ दाखवते, हे मला तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही बोट ठेवून केसाएवढी चीर दाखवलीत आणि लादी बाजूला काढायला सांगितलीत. मी म्हणालो, दगडाची चीर लपवणाऱ्याला तुम्ही चोर म्हणता आणि स्वतःची खिशात घालून फिरता. तुम्ही पाइप खाली टाकलात. "तुला काय करायचंय? तू आपली साखळी धर." बस, एवढंच. पहिल्यांदा आणि शेवटचं. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही भाबींनी दिलेला डबा माझ्या टेबलावर ठेवलात आणि मी मुकाट जेवलो. पुन्हा विषय काढला नाही, आणि खरं सांगायचं तर काढावा लागला नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं होतं. मला तुमचा राग येतो. तुम्ही ऐकायला हवं होतंत. आणि तुम्ही ऐकत नाही म्हटल्यावर मी भाबींना सांगायला हवं होतं, त्या तुम्हाला ओढत नेऊ शकल्या असत्या.

आमची एलिझा इस्पितळात नर्स आहे. एवढी वर्षं तिच्याशी संसार करून मी तिलाही हे सांगितलं नव्हतं. आज सकाळी ती ड्यूटीवरून आली तेव्हा सगळं सांगितलं. तिने बुटांच्या नाड्या सोडता सोडता ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "भाबी रोज म्हणतायत की मी मारलं, आणि तू तिथे चहा पिऊन आलास." मग आत जाऊन झोपली. मी हे लिहायला बसलो.

इथपर्यंत काल लिहिलं. आज शुक्रवार, आणि मी जाऊन आलो.

जुम्म्याची नमाज सुटून रस्ते मोकळे होईपर्यंत गाडीत बसून राहिलो. दोनदा गाडी वळवली. लिफ्टवर अजून तोच कागद चिकटवलेला आहे. वर गेलो, त्याच खुर्चीत बसलो आणि निलोफरला म्हणालो, आईला म्हणावं, मी रविवारी खोटं बोललो. पडदा हलला, पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग मी त्या पडद्यावरच्या निळ्या फुलांकडे बघत सगळं सांगितलं. डोंगर, कुकारा, म्हातारा, कुपी, विमानातलं बोलणं. त्या हाताच्या गोष्टीशी आलो तेव्हा तिथेच थांबावंसं वाटलं. तरी म्हणालो, "भाबी, त्यांनी हात मागितला होता. मी साखळी सोडली नाही."

निलोफर भिंतीला टेकून उभी होती. तिला मराठी बोलता येत नाही असं तुम्ही नेहमी म्हणायचात. तिला सगळं कळत होतं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

पडद्याआडून भाबींचा आवाज आला. "म्हणजे पाण्यामुळे नाय."

मी म्हणालो, नाही. आधीपासून होतं.

बाहेरून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. "पण मला माहीत असतं तर मी पाणी आणायला धाडलंच नसतं." त्यांचा आवाज आता वेगळा होता, कडक. "तुम्ही दोघं गप्प बसलात. मला कुणी विचारलं नाय."

आता जायला सांगतील म्हणून मी वाट बघत बसलो. या घराचं दार आज आपल्याला बंद होणार, ही भीती मी रविवारपासून वागवत होतो, आणि ते बंद झालं असतं तर योग्यच होतं. मी उठलो, चपलेत पाय घातला.

"सायमनभाई," भाबी म्हणाल्या. "पाणी संपलंय. इतके दिवस निलोफर शेजारून पाण्याचा एकेक जग आणतेय. कुणाला बाटली आणायला सांगायचा धीर होत नाय मला."

मी हो म्हणालो आणि उतरलो. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, भरलेली बाटली घेतली, तुम्ही घ्यायचात तिथूनच. ती खांद्यावर घ्यायची कला मला येत नाही, म्हणून पोटाशी धरली. दोन्ही हात तिच्यात गुंतले की कठडा धरता येत नाही, हे पहिल्याच पायरीवर लक्षात आलं. पाणी आत डुचमळायचं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, मागे पडणार. पहिला मजला झाला. तुमच्या वळणावर आलो. तिथे एका कोपऱ्यात बाटली टेकवावी असं फार वाटलं. छाती धडधडत होती, आणि हे नुसतं दमणं आहे की तुम्हाला झालं ते, हे मला कळत नव्हतं. तुम्हालाही इथे असंच कळलं नसेल का, हा विचार आला आणि मी घाईघाईने पुढची पायरी चढलो.

वर पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. बाटली उंबऱ्याच्या आत ठेवली, पण हात काही तिच्यावरून सुटेनात. आतून, पडद्यामागून भाबींनी विचारलं, "आलात?"

तुम्ही जिना चढून आलात की त्या हेच विचारायच्या, हसनभाई. मी कितीदा तुमच्या मागोमाग येताना ऐकलं आहे.

मी म्हणालो, "आलो, भाबी."